ओट्यावरची खुर्ची

सिंधूने छोटा माइक गावचे पाटील व्यंकटराव यांच्या सदऱ्याला अडकवला आणि ती समोरच्या खुर्चीत बसली. अवघडूनच बसली. त्यांच्या वाड्याच्या या ओट्यावर ती आज पहिल्यांदाच चढली होती.

शाळेत असताना रोज सकाळी ती खालच्या पायरीवर बसून त्यांना पेपर वाचून दाखवायची. मोतीबिंदूमुळे तेव्हा त्यांना अक्षर दिसत नव्हतं. जोडाक्षर गिळलं की ते पुन्हा वाचायला लावत. वर ये, असं ते कधी म्हणाले नाहीत आणि तीही कधी गेली नाही. पण उदगीरच्या केबल चॅनेलने तिला बातम्यांसाठी निवडलं ते त्या घोटलेल्या आवाजावर, हे ती कुणापासून लपवत नसे.

लातूरला रेल्वेने पाणी आणलं, तो हा उन्हाळा. इकडे उदगीर जिल्हा व्हावा म्हणून आंदोलन पेटलं होतं आणि व्यंकटराव गावोगावी त्याच्या सभा घेत होते. त्यांची जिल्ह्यावरची मुलाखत तेवढी घेऊन ये, असं चॅनेलच्या शिवलिंगसरांनी बजावलं होतं.

व्यंकटराव छान बोलले. जिल्ह्याच्या कामांसाठी लातूरला खेटे घालता घालता माणसं म्हातारी झाली, म्हणाले. जिल्हा झाला की पाण्यापासून दवाखान्यापर्यंत सगळं दारात येईल, असंही म्हणाले. कॅमेरा धरलेल्या ग्यानोबाने पुरे झालं अशी मान हलवली.

सिंधूची नजर ओट्याखाली गेली. सरकारी टँकर वाड्यासमोरच्या विहिरीत रिकामा होत होता. कडेला भीमनगरातल्या बाया घागरी घेऊन उन्हात उभ्या होत्या. वरच्या आळीचं भरून झाल्यावर त्यांची पाळी. त्यांच्यात तिची आई सरजाबाईही होती. लेकीच्या कामात अडचण नको म्हणून तिने मुद्दाम पाठ फिरवली होती.

ग्यानोबा कॅमेरा खाली घेऊ लागला. सिंधूने त्याला हाताने थांबवलं.

"काका, अजून एक विचारायचंय."

"विचार की."

"टँकर गावासाठी येतो. मग भीमनगरच्या बायांनी रोज शेवटी का भरायचं?"

व्यंकटरावांच्या शेजारी बसलेल्या एकाने, हे काढून टाका म्हणून ग्यानोबाला खूण केली. व्यंकटरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पण परत लावला नाही.

"हे कॅमेऱ्यात आलं?"

"आलं."

तिने नजर वळवली नाही.

"मग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पाण्याची पाळी आमच्या बापाच्या वेळंपासून अशीच चालत आली. चूक हाय, हे मला कळत नव्हतं असं न्हाई. कुणी विचारलं न्हाई, मी बी चालू दिलं." त्यांनी खाली टँकरकडे पाहिलं. "उद्यापासनं टँकर आधी भीमनगरात जाईल."

सिंधूला वाटलं, आभार मानावेत. पण आभार कशाचे मानायचे, ते तिला सापडेना.

"उद्या मी येऊन बघते, काका."

व्यंकटरावांनी तिच्याकडे पाहिलं. रागावले की हसले, ते तिला कळलं नाही.

"ये," ते म्हणाले.

चॅनेलवर परतल्यावर चित्रीकरणातला तो प्रश्न ऐकून शिवलिंगसर आधी चिडले. मग त्यांनी ते दोनदा पाहिलं, आणि जिल्ह्याच्या बातमीआधी टँकरची लावली.

दुसऱ्या दिवशी सिंधू आणि ग्यानोबा पोचले तेव्हा टँकर भीमनगरच्या कमानीपाशी उभा होता. बाया एकमेकींच्या अंगावर पाणी उडू न देता घागरी सरकवत होत्या. सिंधूने माइक पुढे केला आणि आईला विचारलं, कसं वाटतंय?

सरजाबाईने कॅमेऱ्याकडे बघितलंच नाही.

"पाणी सांडायलंय," ती म्हणाली. "तू आधी पाइप धर."

सिंधूने माइक ग्यानोबाकडे दिला आणि बाह्या वर सारल्या.