खिडकीतून आलेलं बोट

मी बोलतेय, साखर तपासणारी मशीन. घाबरू नका, आज सुई टोचणार नाही. ते दिवस गेले माझे. सध्या मुक्काम टेबलाच्या तिसऱ्या खणात, सोबतीला वाळलेली पेनं आणि एक तुटकी पट्टी. माझ्या पाठीवर कागद चिकटवून लिहिलंय, 'खराब'. लिहिणाऱ्या सिस्टरचं अक्षर मात्र फार सुंदर आहे.

खराब म्हणे! अहो, उभ्या आयुष्यात एकदाही खोटं बोलले नाही मी. आणि हे बक्षीस.

कारखान्यातून मला बाहेर पाठवण्याआधी तीन-तीनदा पारखून घेतलं होतं. मग मी या मोठ्या दवाखान्याच्या ओपीडीत आले. इथला नियम असा की तिशी उलटलेला माणूस कानासाठी येवो की खोकल्यासाठी, आधी त्याची साखर बघायची. लाकडी आडोशाला छातीच्या उंचीवर एक बुटकी खिडकी होती. पेशंटनं बाहेरून कागद आत सरकवायचा आणि मागोमाग हात घालायचा. आत बसलेली सिस्टर कागदावरचं नाव बघायची, बोट पुसायची, टोचायची आणि रक्ताचा थेंब माझ्या पट्टीला लावायची. पाच सेकंदांत मी आकडा सांगायचे. दिवसाला दोनशे हात. तोंड बघायला सवड कुणाला होती?

माणसं मात्र ऐकू यायची. कुणी दोन दिवस उपाशी राहून यायचा आणि आकडा बरा आला की कॅन्टीनकडे पळायचा. कुणी म्हणायचा, "मी तर चहासुद्धा बिनसाखरेचा पितो," आणि बोटाला बिस्किटाचा चुरा! एक काका छाती फुगवून म्हणाले, "आमच्या घरात कुणालाच साखर नाही." सिस्टर म्हणाली, "घराला नाही टोचत हो काका, तुम्हाला टोचतेय." आकडा निघाला दोनशे चाळीस. काका मलाच शिव्या घालत गेले. मला सवय होती.

मग एका सकाळी ते दोघे भाऊ आले. थोरला शाळेची बस चालवायचा. वर्षातून एकदा डॉक्टरची सही आणली तरच बस हातात मिळणार, असा त्यांच्याकडे कायदा. अंगानं चांगला जाडजूड. महिनाभर त्याला सारखी तहान लागत होती, त्यामुळे आपल्याला साखर आहेच असं त्यानं मनाशी पक्कं धरलेलं. खिडकीजवळ आला तशी त्याची पाचावर धारण बसली.

"दादा, घाम काय पुसतोस एवढा?" धाकटा कुजबुजला. "सरक. माझं बोट देतो."

"वेडा झालास का?"

"अरे, दिवसभर पार्सलं घेऊन जिने चढतो मी. माझ्या रक्तात साखरेला बसायला जागा तरी आहे का? दे तो कागद."

थोरल्यानं दिला. कागद थोरल्याचा, हात धाकट्याचा. काटकुळा, कोरडा हात. अंगठ्यावर पार्सल कापताना झालेली जखम, कित्येक दिवस न भरलेली. सिस्टरनं टोचलं आणि मी सांगितलं, तीनशे बारा.

सिस्टरनं थोरल्याचं नाव घेऊन आकडा मोठ्यानं वाचला. डॉक्टरांनी कागद बघून सांगून टाकलं, साखर आटोक्यात येईपर्यंत बस बंद.

खिडकीखालच्या बाकावर दोघं बसले. थोरला चिडून म्हणाला, "काय खाऊन आला होतास?"

"काही नाही रे. नुसता कोरा चहा, तोही बिनसाखरेचा. मशीन बिघडली असेल दादा."

दुसऱ्या दिवशी थोरला एकटाच आला. "काल काहीतरी चुकलंय, परत बघा," म्हणाला आणि या वेळी स्वतःचा हात आत घातला. एकशे चार. अगदी नीट. खात्रीसाठी डॉक्टरांनी दंडातून रक्त काढून लॅबमध्ये पाठवलं, तिथेही तेच आलं. थोरल्याच्या जिवात जीव आला, सही मिळाली, आणि कालच्या आकड्याचं खापर फुटलं माझ्यावर.

"काढून टाका ही मशीन," डॉक्टर म्हणाले.

"तीन वर्षांत कधी चुकली नाही हो," सिस्टर बिचारी पुटपुटली.

थोरला तिथेच उभा होता. आज मी बरोबर, तर कालही बरोबर असणार, एवढं त्याला कळत होतं. मला चांगलं माहितेय की कळत होतं. पण त्यानं सहीचा कागद घडी घालून खिशात टाकला.

संध्याकाळी धाकटा त्याला न्यायला आला, तेव्हा बाकावर थोरल्यानं विषय काढला. "तू एकदा तुझ्या नावानं कागद काढ."

"आणि सिस्टरनं विचारलं, कालचं बोट कुणाचं, तर? बस जाईल तुझी. पोरांचं शिक्षण, वहिनीचं औषध, कशावर करशील?"

"मग दुसऱ्या दवाखान्यात बघू."

"बघू रे. मला काय धाड भरलीय? चालतोय, फिरतोय."

'बघू'! सगळ्यात जास्त माणसं या एका शब्दानं मारलीत, आणि त्याचा आकडा सांगणारी मशीन अजून कुणी बनवली नाही.

आठ महिने गेले. मी खणात. वर माझ्या जागी नवी मशीन. एके दिवशी थोरल्याचा आवाज आला, पण कसनुसा. धाकट्याच्या बुटात खिळा वर आला होता. पायाला संवेदनाच उरली नव्हती, त्यामुळे चार दिवस खिळ्यावर पाय देत जिने चढला आणि त्याला कळलंच नाही. मोजा काढला तेव्हा वहिनीनं तोंडाला पदर लावला म्हणे. बोटं काळी पडली होती.

नव्या मशीननं चारशे अडतीस सांगितले. सिस्टर हळहळली, "अहो, सहा-आठ महिन्यांपूर्वी नुसतं तपासलं असतं तरी पाय वाचला असता."

"तपासलं होतं," थोरला म्हणाला.

"दादा, गप्प बस," धाकटा तशाही हालात ओरडला. "बस जाईल तुझी!"

पण थोरला थांबला नाही. रडत रडत सगळं ओकला. सिस्टरनं खण उघडून मला बाहेर काढलं, बटण दाबत माझ्यातले जुने आकडे मागे मागे बघत गेली. तारीख तीच. तीनशे बारा. मग मला परत खणात ठेवलं. तिलाही आता माझं काय करायचं ते सुचत नसावं.

धाकट्याचा पाय गुडघ्याखाली कापला. सिस्टरनं वर काही कळवलं नाही, त्यामुळे थोरल्याची बस शाबूत आहे. धाकट्यानं पायाच्या बदल्यात ती राखली असं म्हणा हवं तर. मला तर रागच येतो, दोघांचाही. इतकी माया, आणि इतकी आंधळी!

मला बाहेर काढा, माफी मागा, असं काही माझं मागणं नाही. माझी बॅटरी आता फार तर दोन-चार महिने टिकेल. पण तुमच्या घरातल्या कुणाचा आकडा तुम्हाला ठाऊक असेल आणि तुम्ही तो गिळून बसला असाल, तर आजच त्याला हाताला धरून घेऊन या. तुमची अब्रू जाईल, नोकरी जाईल. जाऊ द्या.

दर सोमवारी थोरला धाकट्याला चाकाच्या खुर्चीवरून आणतो. खुर्चीतून हात खिडकीपर्यंत पोचत नाही, म्हणून मनगट धरून तोच वर उचलतो आणि सिस्टरनं विचारायच्या आत मोठ्यानं सांगतो, "हा माझ्या भावाचा हात आहे."

"माहितेय हो मला," सिस्टर म्हणते.

तरी दर वेळी सांगतो. आणि मी इथे खणात दर वेळी तडफडते. अरे दादा, हेच त्या दिवशी एकदा म्हणाला असतास तर!