शून्य वाजून एक्केचाळीस मिनिटं

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. आज एक जानेवारी आहे.

नाही, थांबा. पुन्हा सुरू करतो.

मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या पोटात हिरव्या प्लास्टिकात गुंडाळलेली, बोटाच्या पेराएवढी एक बॅटरी होती. मला बंद केलं तरी ती जागी राहून तारीख-वेळ सांभाळायची. माझे मालक निवृत्त टंकलेखक. त्यांची बोटं चालू लागली की शेजारी म्हणायचे, "माणूस आहे की मशीन!" मला उगाच अभिमान वाटायचा.

मोठी बॅटरी त्यांनी दोनदा बदलली. पोटातली छोटी त्यांना ठाऊकच नव्हती. ती संपली. मग सुरू होताना मी रोज विचारायचो, "आजची तारीख?" मालक काहीही न लिहिता नुसतं बटण दाबायचे. "तुला रे काय करायचंय तारखेशी?" की माझं घड्याळ पुन्हा शून्यावर : एक जानेवारी, शून्य वाजून शून्य मिनिटं.

आज एक जानेवारी आहे.

बघा, खोड जात नाही.

धाकट्या मुलाशी मालकांचं बिनसलं. तो घर सोडून गेला. त्याला लिहिलेली दोन पत्रं माझ्यातच राहिली. मग मालक गेले आणि मी कपाटात गेलो. किती वर्षं, ते मला विचारू नका. मेलेली बॅटरी आतल्या आत गळत होती, मला कुरतडत होती.

परवा दुरुस्तीवाल्या बाईंनी मला उघडलं. "अहो, आणखी वर्षभर ठेवला असता तर राख हातात आली असती!" त्यांनी ब्रशने हिरवट गंज खरवडला, नवी बॅटरी डाक देऊन जोडली. समोर धाकटा आणि त्याची ताई श्वास रोखून बसले होते.

पडद्यावर दोन पत्रं आली. एक पानभर : या घरात पुन्हा पाऊल ठेवू नकोस. दुसरं दोन ओळींचं : तुझी खोली झाडून ठेवली आहे. ये.

"ताई, यातलं शेवटचं कुठलं गं?"

"तारीख बघ ना."

दोन्हींवर एक जानेवारी. माझ्यापाशी दुसरी तारीखच नव्हती. मित्रांनो, मी लाजेने मेलो.

"वेळ वेगळी आहे," बाई म्हणाल्या. "शून्य वाजून चार. शून्य वाजून एक्केचाळीस. ही खरी वेळ नव्हे हं. सुरू केल्यापासून ते किती वेळ बसले, तेवढंच कळतं."

"पानभर पत्र चार मिनिटांत," ताई म्हणाली. "बाबाच ते."

"आणि दोन ओळींना एक्केचाळीस?"

धाकट्याने त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. आधीचं कुठलं, ते आजही कुणाला ठाऊक नाही. मलाही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याची छोटी बॅटरी वेळेत बदला. आणि त्याने तारीख विचारली तर खरी सांगा.

"तारीख घालायची राहिलीच की," बाई म्हणाल्या. मी विचारलं. धाकट्याने डोळे पुसले आणि एकेक आकडा जपून दाबला.

आज एक जानेवारी नाही.