बारीक आटे

कारखान्यात तिला सगळे इंजिनिअरबाई म्हणत, आणि गेले तीन महिने इंजिनिअरबाईंच्या वाटेला जायची कुणाची छाती होत नव्हती.

सगळ्याला कारण होतं बोटाच्या पेराएवढा टायटॅनियमचा तुकडा. दोन मणक्यांमधली चकती झिजली की ती काढून तिच्या जागी जो आधार बसवतात, तो. कारखान्यात त्याला पिंजरा म्हणत. तिचा पिंजरा आत जाताना आठ मिलिमीटर उंच असे, त्यामुळे लहानशा छेदातून, नसांना न दुखावता सरकत जाई. मग लांब दांड्याची चावी फिरवली की आतला स्क्रू दोन पाचरींना जवळ ओढी, आणि वरचं झाकण उचलत बारा मिलिमीटरवर पोचे. दबून गेलेली जागा मोकळी होई. या एका गोष्टीत तिची पाच वर्षं गेली होती. स्क्रूचे आटे तिने इतके बारीक ठेवले होते की वरून कितीही भार आला तरी तो उलटा फिरत नसे आणि चावी मात्र दोन बोटांनी फिरे. आल्यागेल्याच्या हातात ती चावी द्यायची आणि कौतुकाची वाट बघत उभी राहायची.

चाचणीला ज्या डॉक्टर आल्या, त्यांनी कौतुक केलं नाही. मणक्यांच्या शस्त्रक्रिया करण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. टेबलावर हाडाच्या जागी फोमचे ठोकळे लावले होते: एक टणक, एक मध्यम, आणि एक म्हातारपणच्या हाडासारखा ठिसूळ. पहिले दोन छान पार पडले. तिसऱ्यात पिंजरा उघडण्याऐवजी ठोकळ्यातच रुतत गेला. बाहेर काढला तेव्हा तिथे तीन मिलिमीटरचा खड्डा पडला होता.

डॉक्टरांनी चावी खाली ठेवली. "माझ्या हाताला काही कळलंच नाही," त्या म्हणाल्या. "हाड कधी लागलं, कधी चेपायला लागलं, काहीच नाही."

किती फेरे द्यायचे ते पुस्तिकेत दिलंय, असं इंजिनिअरबाई म्हणाली. प्रत्येक पाठीची पुस्तिका वेगळी असते, एवढंच बोलून डॉक्टर हात धुवायला गेल्या.

तेव्हापासून तिच्या डोक्यात जो जाळ पेटला, तो विझेना. साहेबांनी तोडगा काढला की ठिसूळ हाडात वापरू नये अशी एक ओळ छापून मोकळं व्हावं. ज्यांना याची सगळ्यात जास्त गरज त्यांनाच नको म्हणायचं का, असं विचारून ती त्यांच्या केबिनमधून तरातरा निघून आली. लेथवरच्या मास्तरांनी आटे जरा जाड करून बघू का म्हटलं, तर त्यांच्यावरच डाफरली: मग भाराखाली स्क्रू उलटा फिरेल, एवढं तरी कळतं का? मास्तरांची हयात आटे कापण्यात गेली होती. ते हात पुसून चहाला निघून गेले.

मग तिने स्वतःच्या मनाने दोन उपाय केले. झाकण रुंद केलं, तर पिंजरा छेदातून जाईना. ठरावीक जोरानंतर आपोआप घसरणारी चावी बनवली, तर ती टणक ठोकळ्यात फार लवकर घसरे आणि ठिसुळात घसरेचना.

दिवसभर पोस्टाच्या खिडकीत लोकांची गाऱ्हाणी ऐकून तिची ताई घरी यायची आणि घरी या धाकट्या बहिणीची ऐकायची. त्या संध्याकाळी वाटाणे सोलता सोलता ताईने मध्येच हात थांबवला.

"साहेब मूर्ख, मास्तर अडाणी, डॉक्टर आडदांड," ती म्हणाली. "हे मला पाठ झालंय. त्या डॉक्टर नेमकं काय म्हणाल्या होत्या?"

"हाताला कळत नाही म्हणाल्या."

"मग तुझ्या हाताला कळतं का?"

पाच वर्षांत धाकटीने ती चावी हजारदा फिरवली होती, पण डोळे कायम मोजमापाच्या काट्यावर.

सकाळी प्रयोगशाळेत कुणी यायच्या आत तिने काट्यावर कागद चिकटवला, ठिसूळ ठोकळा लावला आणि चावी फिरवू लागली. झाकण ठोकळ्याला टेकलं असं वाटताच थांबायचं, असं ठरवलं होतं. ती वाट बघत फिरवत राहिली. कागद काढला तेव्हा झाकण साडेतीन मिलिमीटर आत गेलं होतं. डॉक्टरांपेक्षाही जास्त. तिने आणखी चार ठोकळे लावले आणि चारही फोडले. बोटांचा सगळा जोर त्या बारीक आट्यांच्या घर्षणातच जिरत होता. हाडाकडून परत काही येतच नव्हतं. जिचा तिला एवढा तोरा होता, तीच गोष्ट डॉक्टरांचे हात आंधळे करत होती.

ती उठून मास्तरांकडे गेली. मान वर न करता म्हणाली, "मास्तर, त्या दिवशी मी फार बोलले. आटे जाड करायचेत."

"आणि उलटा फिरला तर?"

"त्याला वेगळा अडकवणारा दात बसवू. कसा, ते मला अजून माहीत नाही."

"मग बसा," म्हणत मास्तरांनी स्टूल पुढे सरकवलं.

तो दात बसवण्यात सात महिने गेले. जागा इतकी खाल्ली त्याने की पिंजरा बाराऐवजी अकरावरच थांबू लागला. आपण वर्षभर मागे गेलो, असं साहेबांनी भर बैठकीत सुनावलं. ते खरंच होतं.

डॉक्टर पुन्हा आल्या. ठिसूळ ठोकळा लागला. त्या काट्याकडे पाठ करून फिरवू लागल्या, आणि साडेआठ मिलिमीटरच्या जरा अलीकडे त्यांचं मनगट आपोआप थांबलं. ठोकळ्यावर जेमतेम ओरखडा होता.

"आता कळतंय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी चावी उलटसुलट करून पाहिली. "पण दात अडकवायला अंगठ्याचा फार जोर लागतो. दिवसातल्या तिसऱ्या शस्त्रक्रियेला माझ्याच्याने व्हायचं नाही. आणि दांडा जड झालाय."

आता रडू फुटेल की शिवी, हे इंजिनिअरबाईलाही सांगता आलं नसतं. तिने वही ओढली. नेमका कुठे जोर लागतो ते तिने विचारलं, आणि तो दात स्वतःच्या अंगठ्याने दहा वेळा अडकवून पाहिला. अकराव्या वेळी अंगठा सोलवटला. डॉक्टरांचं बरोबर होतं.