ओढ्याला नऊ गुण

मोजणीदारकाकांनी भरलेल्या तक्त्यातला दोनाचा आकडा नकाशेवालीने इतक्या जोराने खोडला की कागद टरकला. शेजारी तिने टपोरे नऊ काढले आणि तक्ता साहेबांपुढे सरकवला.

"हा ओढा मी स्वतः चढून पाहिलाय, साहेब. तीन दिवस."

काका समोरच बसून चष्मा पुसत होते. ऑफिसात त्यांना 'रडगाणं' म्हणत. कुठलाही ओढा मोजायला पाठवा, काकांचा ओढा आजारीच. काठ ढासळलेले, झाडी विरळ, पाण्यात किडा औषधालाही नाही. मग तग धरण्याच्या ताकदीला दहापैकी दोन, फार तर तीन. तीस वर्षं हा माणूस डोंगराच्या पायथ्याशी झोपा काढून सही ठोकत असणार, याबद्दल तिला शंका नव्हती. असल्या कामचुकारांची तिला किळस यायची.

"दगड उलटला की खालून किडे पळतात. भर उन्हाळ्यात घोट्याच्या वर पाणी आहे. दरडीने अख्खा काठ नेला होता, तिथे झाडांनी पुन्हा मुळं धरलीत. मार पचवणारा ओढा आहे तो. आणि यांनी दोन दिलेत."

"काका, काही म्हणायचंय?" साहेबांनी विचारलं.

"नाही. बाईंनी पाहिलंय ना."

निदान भांडायचं तरी. शेळपट कुठला, असं मनात म्हणत तिने खुर्ची त्यांच्यापासून दूर ओढली.

साहेबांबद्दलही तिला फारसा आदर नव्हता. ज्याचे बूट जन्मात ओले झाले नाहीत, तो पाणलोटाचे नकाशे मंजूर करणार. पण आज त्यांनी तोंडभरून शाबासकी दिली आणि नकाशावर त्या ओढ्यापासून थेट खोऱ्याच्या तळापर्यंत बोट फिरवलं.

"सुटलो बुवा. खालच्या कारखान्याला पाणी द्यायचंय, वरून सारखा तगादा. पण घ्यायचं कुठून? जो तो ओढा आजारी. आजाऱ्याचं पाणी उपसलं तर उद्या आपल्याच नावाने ओरड. याचं निम्मं उचलू. हा सोसेल."

"निम्मं?"

"मार पचवतो म्हणालात ना?"

"पण हा नकाशा ओढे वाचवायला होता."

"वाचवतोच आहोत की. बाकीचे वाचले."

तिने काकांकडे पाहिलं. काच केव्हाच लख्ख झाली होती, तरी ते पुसतच होते. तीस वर्षांचे ते दोन आणि तीन तिला आता पहिल्यांदा नीट वाचता आले. कामचुकार म्हणे. तिला स्वतःचीच किळस आली.

"साहेब, नऊ जरा जास्त झाले असतील. मी पुन्हा एकदा चढते."

"तीन दिवस मोजलंत, आता पुन्हा कशाला?" साहेबांनी शिक्का मारला. "ते उरलेले चार ओढे तुम्हीच बघताय ना? असा दणकट आणखी एक काढा. दुसरा कारखाना रांगेत आहे."

चारांपैकी दोन ती पाहून आली होती. दोन्ही नितळ, खळाळते, काठांवर दाट झाडी.

"दोन पाहिलेत," ती म्हणाली. "दोन्ही मरणपंथाला लागलेत."

साहेबांनी नाक मुरडलं आणि फोन उचलला.

जिन्यात तिने काकांना गाठलं.

"मला सांगायचंत तरी, काका."

"तुम्ही विचारलंत कधी?"

काका दोन पायऱ्या उतरले, थांबले, पण मागे वळले नाहीत.

"त्या चारांतल्या एखाद्याला पाच द्या. मी तिथेच चुकलो. सगळेच आजारी दाखवले, की कोणीतरी प्रामाणिक माणूस तपासायला वर चढतो."