कोपऱ्याच्या शेजारची

क्रिस्टीना साळवे नगरच्या एका महिला महाविद्यालयात कबड्डी शिकवते. दर वर्षी दिवाळी झाली, की ती सावेडीतून स्कूटर काढते आणि जिल्ह्यातल्या शाळांचे सामने बघत हिंडते. पुढच्या जूनमध्ये कोणत्या मुली संघात घ्यायच्या, हे तिलाच ठरवायचं असतं. त्या वर्षी राहुरीहून मनकर्णाचा फोन आला. मनकर्णा तिथल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होती.

"टीने, एक पोरगी बघून जा. धनश्री. बारावीला हाय."

"चढाईची का?"

"न्हाई. माझ्या जागेवरची."

शाळेत असताना क्रिस्टीना डावा कोपरा खेळायची आणि मनकर्णा तिचा हात धरून शेजारी उभी असायची. कोपरा चढाईवालीचा घोटा धरतो, पॉइंट मिळतो, टाळ्या पडतात. शेजारचीनं कोपऱ्याला वेळेवर मागं ओढायचं, घोटा हाती लागला की सगळं अंग चढाईवालीवर टाकायचं. तिचं नाव फारसं कुणी विचारत नाही. तेव्हा सगळे सामने मातीवर व्हायचे. परतीच्या एसटीत दोघी एकाच डब्यातली भाकरी खायच्या आणि कुणाचं कोपर जास्त सोललंय यावर भांडायच्या. घरी पोचल्यावर मनकर्णाची आई दोघींनाही हळद लावायची आणि दोघींनाही सारख्याच शिव्या द्यायची.

बारावीनंतर क्रिस्टीनाला कॉलेजच्या संघात जागा मिळाली, मनकर्णाचं राहुरीला लग्न झालं. क्रिस्टीना पुढं बरीच वर्षं खेळली. जोडीदारणी चांगल्या मिळाल्या. पण चढाई अंगावर आली की आधी बाजूला बघून घ्यायची सवय तिला तेव्हाच लागली. मनकर्णा असताना कधी बघावं लागलं नव्हतं.

सामना मॅटवर होता. धनश्री रुंद खांद्यांची, शांत मुलगी. तिच्या कोपऱ्यावर आरती नावाची काटकुळी, चपळ पोर. आरतीनं दोन घोटे धरले आणि शाळेच्या पोरी नाचायला लागल्या. क्रिस्टीना धनश्रीच्या पायांकडे बघत होती. एकदा चढाईवालीनं मध्ये जातेय असं दाखवलं आणि आरती फसून पुढं झेपावली. धनश्रीनं तिला एका हिसक्यात मागं घेतलं. चढाईवालीचा हात हवेतच फिरला. फळ्यावर काही लिहिलं गेलं नाही, टाळीही पडली नाही. क्रिस्टीना मात्र खुर्चीत पुढं सरकून बसली.

सामना संपल्यावर मनकर्णा चहा घेऊन आली. "कशी वाटली?"

"नजर फार चांगली आहे. पण कमरेत वाकत नाही, उभीच राहते. कॉलेजच्या पोरी तिला हात लावून निघून जातील."

मनकर्णाचा चेहरा उतरला. "शिकवलं तर वाकंल की."

"बघू. बोलव तिला."

मॅटवर पुढचा सामना लागला होता, म्हणून त्या शाळेमागच्या मोकळ्या जागेत गेल्या. क्रिस्टीनानं चपला काढल्या, ट्रॅकपँट वर दुमडली आणि स्वतःच कोपऱ्यावर उभी राहिली. धनश्री संकोचली.

"हात धर गं. मी काही चावत नाही."

धनश्रीनं बोटांत बोटं घातली नाहीत. तिनं मनगट धरलं, अंगठा वरून आवळून. क्रिस्टीनानं मान वळवून मनकर्णाकडे पाहिलं. घामानं बोटं निसटतात, मनगट निसटत नाही, असं म्हणत मनकर्णा नेमकं असंच धरायची. आता ती उगाच शाळेच्या कौलांकडे बघत होती.

शाळेतलीच एक मुलगी चढाईला आली. पहिल्यांदा धनश्री उभीच राहिली आणि दोघी बाद झाल्या. "खाली!" क्रिस्टीना ओरडली. दुसऱ्या चढाईत धनश्री वाकली, आणि क्रिस्टीनानं मुद्दाम हात सोडवून घेतला. धनश्री जागच्या जागी थिजली. चढाईवाली तिला टपली मारून परत गेली. तिसऱ्यांदा क्रिस्टीनाला राहवलं नाही. पन्नाशी उलटल्याचं विसरून तिनं घोट्यावर झेप घेतली, वरून धनश्री कोसळली आणि तिघी मातीत लोळल्या. तोंडात माती गेली. क्रिस्टीना पडल्या पडल्याच हसत सुटली.

"म्हातारे, हाडं मोडशील!" मनकर्णा धावत आली. मग तीही हसायला लागली आणि तिथंच मातीत फतकल मारून बसली.

अंग झटकून क्रिस्टीना धनश्रीला म्हणाली, "मी तुला घेते. पण पहिलं वर्ष सातजणींत खेळवणार नाही. बाकावर बसायचं, बघायचं, एकटीनं पकड करायला शिकायचं. चालेल?"

धनश्रीनं आरती होती त्या दिशेला पाहिलं. मग म्हणाली, "मॅडम, आरती न्हाई का येनार?"

"ती नर्सिंगला चाललीय म्हणे, तुझ्या बाईच सांगत होत्या."

"मंग मी कोनाचा हात धरू?"

"तिथं मिळंल कुनीतरी," मनकर्णा म्हणाली. "तू जा. घरच्यांशी मी बोलते."

धनश्री आरतीला शोधत निघून गेली. क्रिस्टीना हलक्या आवाजात म्हणाली, "तेव्हा तुलाही यायचं होतं का, मने?"

इतक्या वर्षांत हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

"व्हय. लई," मनकर्णा म्हणाली. "तुझा पेपरात फोटू आला, तवा मी रडले हुते. मंग सासऱ्यांनीच मला शिकू दिलं, ही शाळा मिळाली. वाईट न्हाई झालं. पन यायचं हुतं." तिनं क्रिस्टीनाच्या पाठीवरची माती झटकली. "चल, जेवून जा. पिठलं टाकते."

जूनमध्ये धनश्री वसतिगृहात आली. पहिल्या वर्षी बाकावर बसून कंटाळली, एकदा न सांगता घरीही निघून गेली. मनकर्णानंच तिला दुसऱ्या दिवशी एसटीत बसवून परत धाडलं. दुसऱ्या वर्षी ती सातजणींत आली. कोपऱ्यावर सुप्याची दया होती. दया खेळतानाही तोंड बंद ठेवत नसे. "मॅडम, ही लई बडबडती," अशी धनश्रीची रोजची तक्रार असायची. तरी मेसमध्ये दोघी शेजारीच बसायच्या.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या उपांत्य सामन्याला मनकर्णा राहुरीहून आली. थोडक्यात हरल्या पोरी. मनकर्णा एवढी ओरडली होती, की तिचा घसा पार बसला होता. धनश्री दयाला ओढतच तिच्याकडे घेऊन आली. "बाई, ही दया."

दया लगेच सुरू झाली. पंचांचा निकाल कसा चुकला, धनश्री झोपेत कशी बरळते, सगळं सांगत सुटली. मनकर्णाला बोलता येत नव्हतं, ती नुसती मान हलवत ऐकत होती. क्रिस्टीनानं चौघींसाठी भेळ सांगितली आणि तीही त्यांच्याजवळ पायरीवर जाऊन बसली.