तारांचा पिळा

माझ्या वडिलांना आडवातिडवा दोर बघवत नाही. चार वर्षांपूर्वी ते नारायणगडाला दर्शनाला गेले असताना घरी दोन शेळ्यांची दावी एकमेकांत अडकली आणि गाभण शेळीला फास बसून ती गेली. तेव्हापासून वडील, म्हणजे आमचे बंकटदादा, दिसेल तो पिळा सोडवत सुटतात. बाजेची सुंभं, साड्या वाळत घालायची दोरी, आणि एका लग्नात तर ढोलाच्या दोऱ्या. तो ढोल त्या लग्नात पुन्हा वाजला नाही.

दादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. नेकनूरच्या बाजारात काट्यावरचा आकडा त्यांना दिसत नाही. व्यापारी सांगेल तेच शेळीचं वजन. मला याची भयंकर चीड. म्हणून डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला मी बोलणारा काटा करायला घेतला. काटा वजन बोर्डाला, म्हणजे यंत्राच्या मेंदूला, कळवतो, बोर्ड ते स्पीकरच्या पट्टीला कळवतो आणि पट्टी आकडा मोठ्याने बोलते. आवाज आईचा. तिने एक ते साठ आकडे मोबाइलमध्ये भरून दिले, तेही स्वतःच्या नेहमीच्या सुरात: "बावीस किलो! उतर खाली!"

अडचण एकच. संध्याकाळी घडाघडा बोलणारा काटा सकाळी मुका व्हायचा.

बोर्ड आणि पट्टी यांच्यात बोलण्याच्या दोन तारा असतात. बोर्डाच्या तोंडाची तार पट्टीच्या कानाला आणि पट्टीच्या तोंडाची बोर्डाच्या कानाला, त्यामुळे त्या एकमेकींना छेदूनच जातात. तोंडाला तोंड जोडलं तर दोघंही बोलतात, ऐकत कुणीच नाही. आमच्या भावकीत हे रोज घडतं. मी उंदरांना शिव्या घातल्या, दुकानदाराला घातल्या, रागाच्या भरात न बघताच सगळ्या तारा उपटून नव्याने लावल्या, की काटा पुन्हा बोलायचा.

परीक्षा अंबाजोगाईला होती. प्रकल्प गेला तर वर्ष गेलं, एवढं साधं गणित. शेजारच्या प्रवीणच्या टेम्पोत मी, मांडीवर काट्याच्या तारांची पेटी घेतलेले दादा आणि मोरी शेळी.

"शेळी कशाला?" मी विचारलं.

"यंत्राला वळखीचं जनावर पायजे बाई."

बाहेरून आलेल्या परीक्षक सरांसमोर मी मोरीला काट्यावर उभं केलं. काटा गप्प. सरांनी घड्याळ पाहिलं. तेवढ्यात मोरी ओरडली, "बेंऽऽ!"

"बोलला वाटतं," सर म्हणाले. सगळा वर्ग खिदळला.

मी पेटी उघडली. दोन्ही तारा शेजारी शेजारी, अगदी सरळ, शिस्तीत. घरून निघताना मी त्या स्वतः तपासल्या होत्या.

"दादा, तुम्ही हात लावला का याला?"

"व्हय की," दादा दारातून अभिमानाने म्हणाले. "रोज सकाळी लावतो, आज टेम्पोत लावला. दोन्ही दाव्यांना पिळा पडलेला आस्तो, उपसून सरळ खोवतो. म्हनलं, लेकराच्या कामाला फास नको."

असा राग आला की पेटी आपटावी वाटली, पण मी ती हळूच खाली ठेवली. आकडा त्यांच्या डोळ्यांना दिसत नव्हता, पण पिळा त्यांच्या बोटांना बरोबर कळत होता.

"दादा, या दोघांना असंच बांधावं लागतं. एकाचं तोंड, दुसऱ्याचा कान."

"मंग आधी कावून न्हाई सांगितलं?"

खरंच नव्हतं सांगितलं. ज्यांच्यासाठी काटा केला, त्यांना तो कसा बोलतो हे मी एकदाही सांगितलं नव्हतं. सहा महिने मी उंदरांशी जास्त बोलले होते.

मी तारा पुन्हा आडव्या लावल्या.

"बावीस किलो! उतर खाली!" आई कडाडली. मोरीने तो आवाज जन्मापासून ऐकलेला. ती टुणकन उडी मारून सरांच्या टेबलामागे जाऊन उभी राहिली. सर आधी दचकले, मग पोट धरून हसले.

"पास," ते म्हणाले. "पण या बाई कोण?"

"आमची घरवाली," दादा म्हणाले. "सायेब, तिला बंद करायची तार न्हाई."

परतीच्या टेम्पोत पेटी पुन्हा दादांच्या मांडीवर होती. केजच्या पुढे खड्ड्यात झाकण उघडलं आणि दादांची बोटं तारांवर गेली. जरा थांबली. मग त्यांनी झाकण लावलं, दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि नेकनूर येईपर्यंत तसेच बसून राहिले.