त्रेपन्नावा रविवार

मित्रांनो, मी लाकडाचा आहे, गोल आहे आणि एकदा भर चर्चमध्ये सगळ्यांसमोर सपशेल चुकलेला आहे. वस्तू स्वतःची गोष्ट सांगताना आपण किती उपयोगी पडलो ते आधी सांगतात. मी चूक आधी सांगतो, कारण सांगण्यासारखे जे काही घडले ते त्या चुकीमुळेच घडले.

कौलांच्या कारखान्याला लागून एक छोटे चर्च आहे. वेदीच्या डाव्या हाताच्या भिंतीवर मी टांगलेला आहे. माझा व्यास सव्वा मीटर. कडेने बावन्न खण आहेत, प्रत्येक खण सात अंशांहून किंचित कमी. खणाखणात रंगीत पाट्या आहेत आणि मधोमध एक पितळी बाण. दर रविवारी बाण एक खण पुढे सरकतो आणि चर्चच्या वर्षातला कोणता रविवार चालू आहे ते दाखवतो. लोक मला 'चाक' म्हणतात. खरे तर मी जागचा हलत नाही, बाण फिरतो. पण ही तक्रार मी फार पूर्वीच सोडून दिली.

एका सुताराने मला मोडक्या बाकांच्या फळ्यांतून घडवले. म्हणजे भिंतीवर चढण्याआधी मी बरीच वर्षे लोकांच्या बुडाखाली काढली आहेत. माझ्यावर बसून प्रवचनात कोण कोण पेंगले, ते मी सांगणार नाही.

सुतार डोकेबाज होता. पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, चंद्राकडे पाहून ठरतो, म्हणून त्याची तारीख दरवर्षी मागेपुढे होते आणि त्याबरोबर निम्मे वर्ष सरकते. त्यामुळे सुताराने एकावन्न पाट्या सुट्या ठेवल्या. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे चर्चचे नवे वर्ष सुरू होते तेव्हा, त्या नव्याने लावायच्या. बावन्नावी पाटी मात्र त्याने चार खिळे मारून पक्की ठोकली. ती पांढरी आहे आणि तिच्यावर काटेरी मुकुट रंगवलेला आहे. तो वर्षाचा शेवटचा रविवार, ख्रिस्तराजाचा सण.

"हीच तेवढी का ठोकलीस?" त्या वेळच्या फादरांनी विचारले होते.

"बाकीचे सण सरकतात, फादर. राजा कशाला सरकेल?" सुतार म्हणाला.

त्याने आणखी एक गोष्ट केली. बाणामागे दातेरी चकती आणि एक खिटी बसवली. त्यामुळे बाण पुढेच जातो, मागे येत नाही. दर खणाला 'टक्' असा आवाज होतो.

माझी चांगली वर्षे आत्याच्या हाताखाली गेली. आत्या म्हणजे चर्चची देखरेख करणारी बाई. फादरांचे झगे, मेणबत्त्या, किल्ल्या, सगळे तिच्याकडे. दर रविवारी सकाळी ती स्टुलावर चढायची आणि टक् करायची. लेकरे त्या आवाजासाठी लवकर यायची. जांभळा आला की वाट पाहायची, पांढरा आला की गायचे, हिरवा म्हणजे रोजचे शहाणपणाने जगणे, हे लेकरे माझ्यावरूनच शिकली. पुढे छापील कॅलेंडरे आली, मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला. माझे रंग विटले. गायकवृंदातल्या बायका माझ्या खालच्या खिळ्याला पिशव्या अडकवू लागल्या. आत्याचे गुडघे गेले आणि किल्ल्या तिच्या भाचीकडे आल्या.

भाची कारखान्यात कौले तपासते. टिचकी मारायची, कौल खणखणले तर चांगले, बद्द वाजले तर आत तडा. अशा कामाने माणूस काटेकोर होतो. वर्षभर एकही रविवार न चुकवता तिने बाण सरकवला. आणि त्यामुळेच आमचा घात झाला.

त्या नोव्हेंबरात बाण मुकुटाच्या खणावर आला. तिने फादरांसाठी पांढरा झगा काढून ठेवला. फादर आले आणि थबकले.

"अगं, आज हिरवा. राजाचा सण पुढच्या रविवारी."

"पण चाकावर आजच आहे, फादर."

"मग चाकाला घरी जायची घाई झाली असेल!" गायकवृंदातली जाडी बाई मागून म्हणाली, आणि पिशव्यांसकट सगळ्या बायका खो खो हसल्या.

आत्या आणि भाची चर्चच्या मागच्याच खोलीत राहत. मधली भिंत पातळ, त्यामुळे दुपारचे बोलणे मला शब्दन् शब्द ऐकू आले.

"आत्या, चाक एक आठवडा पुढे गेलंय."

"जाणारच. गेला नाताळ रविवारी आला होता ना? अशा वर्षी मी बाण एका हिरव्या खणात दोन आठवडे उभा ठेवायची. मग शेवट बरोबर जुळतो."

"हे मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस का? किल्ल्या घेतल्यास आणि म्हणालीस, आत्या, आता आराम कर. केला आराम."

गणित सोपे आहे, मित्रांनो. बावन्न आठवडे म्हणजे तीनशे चौसष्ट दिवस. वर्षाला एक दिवस उरतो, लीप वर्षात दोन. ते साठत जातात आणि पाच-सहा वर्षांतून एकदा चर्चच्या वर्षात त्रेपन्नावा रविवार येतो. सुताराने त्याला खण ठेवलाच नव्हता. आत्याने माझी चूक आयुष्यभर गुपचूप झाकली होती.

बुधवारी कारखान्याचे मॅनेजर चर्चमध्ये आले. हातात मोजपट्टी होती. ते वेदीपुढची जागा मोजू लागले. भाची फरशी पुसत होती.

"खुर्ची इथे," ते म्हणाले. "साहेबांचं तोंड लोकांकडे. रविवारी त्यांना कारखान्याचे मालक होऊन पंचवीस वर्षं होतायत. मिस्साची उपासना जरा आटोपशीर, मग मानपत्र. हे चाक उतरवू, तिथे साहेबांची तसबीर."

"या रविवारी? राजाचा सण आहे."

"तो तर झाला. तुमचंच चाक सांगतंय." त्यांनी मोजपट्टी माझ्याकडे रोखली. "पुढचा रविवार यावर नाहीच. म्हणजे मोकळा."

"चाक चुकलं म्हणून राजा चुकला का?"

"ताई, शब्दात पकडू नका. फादरांना विचारूनच आलोय. ते म्हणाले, मांडामांड तुमच्याकडे असते."

"फादर असं म्हणाले?"

"अगदी असंच. खिडकीबाहेर बघत म्हणाले."

भाचीने फडके बादलीत पिळले. "सत्कार करा की. शनिवारी करा, अंगणात करा. बाकं मी स्वतः बाहेर काढून देते. पण त्या दिवशी वेदीपुढे कुणाचीही खुर्ची नको."

"हे छप्पर साहेबांनी घातलंय."

"त्याबद्दल आभार आहेतच. छपराखालच्या सगळ्याचे ते मालक झाले, असं मात्र नाही."

मॅनेजरांनी मोजपट्टी गुंडाळली. आवाज एकदम मऊ झाला. "मागची खोली कारखान्याची आहे, ताई. तुमची नोकरीही. आत्यांचे गुडघे असे. या वयात त्यांना जिने चढायला लावणार का? विचार करा."

ते गेल्यावर तिने उरलेली फरशी पुसली. मग माझ्याजवळ आली आणि कौलाला मारावी तशी मला टिचकी मारली. मी कसा वाजलो, मला कळले नाही.

भिंतीपलीकडून आत्याचा आवाज आला. "पलंगाखालची ट्रंक काढ. आधी झाडून घे, झुरळं असतील."

"आत्या, अजून मी काही ठरवलेलं नाही."

"आवाजावरून कळतंय. काढ ट्रंक."

रविवारी सकाळी भाचीने बाण सरकवला नाही. तो मुकुटावरच राहू दिला, पांढरा झगा काढला आणि मेणबत्त्या आणायला आत गेली. तेवढ्यात हमालांनी मखमली खुर्ची आणून वेदीपुढे ठेवली. मॅनेजर स्टुलावर चढले आणि त्यांनी बाण ढकलला. टक्. बाण पहिल्या खणावर, आगमनकाळाच्या जांभळ्या पाटीवर. मुकुट मागे पडला. त्यांनी तसबीर माझ्याखाली भिंतीला टेकवली.

बाके भरत होती. लोक आधी खुर्चीकडे पाहत, मग बाणाकडे, मग आपल्या पायांकडे. मित्रांनो, मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. माझी चूक आता एका माणसाची खुर्ची टेकवायला वापरली जात होती.

भाची मेणबत्त्या घेऊन आली. तिने एका नजरेत सगळे पाहिले. मेणबत्त्या खाली ठेवल्या, स्टुलावर चढली आणि बाण मागे ओढला. खिटी घट्ट. बाण हलेना.

"मागे जात नाही वाटतं?" मॅनेजर म्हणाले.

"नाही जात," ती म्हणाली. "पुढून जाऊ."

आणि तिने बाण पुढे ढकलला. टक्. दुसरा जांभळा. टक्. तिसऱ्या रविवारची गुलाबी पाटी. टक्. मुकुटापर्यंत एकावन्न खण होते. साहेबांच्या मानपत्रासाठी जमलेल्या लोकांपुढे ती अख्खे वर्ष फिरवायला निघाली होती.

पांढऱ्या पाटीवर बाण आला तेव्हा एक पोरगी ओरडली, "नाताळ!" कोणी तिला दटावले नाही. हिरवे गेले. मग उपवासाचे जांभळे आले आणि हळूच कोणीतरी मोजू लागले, "एक... दोन... तीन..." ती गायकवृंदातली जाडी बाई होती. सहाव्याला, झावळ्यांच्या रविवारच्या लाल पाटीवर, भट्टीवरचे कामगारही मोजत होते. पुढचा टक् पांढरा होता, पुनरुत्थानाचा.

"उठला!" कोणीतरी म्हणाले, आणि बाके करकरली. माणसे खरोखरच उभी राहिली.

नेमके तेव्हा साहेब दारातून आत आले. सगळे उभे पाहून त्यांना वाटले, आपल्यासाठीच. त्यांनी हसून मान लववली. मग त्यांच्या लक्षात आले की एकही डोळा त्यांच्याकडे नाही.

"काय चाललंय हे?"

टक्. पुनरुत्थानाचे सात पांढरे गेले, पवित्र आत्म्याचा लाल गेला, मग लांबच लांब हिरवे सुरू झाले. भाचीने हात बदलला. साहेब खुर्चीपाशी जाऊन उभे राहिले, पण बसले नाहीत. सगळे वर पाहत असताना खाली बसलेल्या माणसाकडे पाहणार कोण? बाण सरकत होता, लोक मोजत होते, आणि कारखान्याचे मालक आयुष्यात प्रथमच आपली पाळी येण्याची वाट पाहत होते. चाकावर त्यांना पाटी नव्हतीच.

टक्. मुकुट.

आतले दार उघडले. माझे लक्ष फादरांच्या चेहऱ्याकडे गेलेच नाही, मी आधी रंग पाहिला. त्यांनी पांढरा झगा घातला होता.

"आज ख्रिस्तराजाचा सण," ते म्हणाले. "साहेब, बाकावर जागा आहे. या राजाला त्याच्याच लोकांनी सिंहासन दिलं नाही, क्रूस दिला. त्याच्यापुढे मीही उभाच राहतो. खुर्ची बाजूला घ्या रे."

हमालांनी मॅनेजरांकडे पाहिलेसुद्धा नाही. खुर्ची उचलली आणि भिंतीशी नेऊन ठेवली. साहेब बुटांचा आवाज करत निघून गेले. मागोमाग मॅनेजर, काखेत तसबीर. ती अरुंद दारातून जाईना, तेव्हा तसबिरीतल्या साहेबांना आडवे करून न्यावे लागले. त्या दिवशीच्या वाचनात राजा शेवटी एवढेच विचारतो, की भुकेल्याला कोणी वाढले आणि परक्याला कोणी घरात घेतले. फादरांनी ते नेहमीपेक्षा सावकाश वाचले.

मंगळवारी भाचीची नोकरी गेली. शनिवारी खोलीला कुलूप लागले. ट्रंक तयारच होती. जाड्या बाईने दोघींना आपल्या घरी नेले, दुसऱ्या मजल्यावर. एकवीस पायऱ्या आहेत. आत्या प्रत्येक पायरीवर साहेबांचा उद्धार करते, आणि जाडी बाई म्हणते, "मोठ्यानं म्हणा, म्हणजे दम लागत नाही." हे सोपे गेले, असे मी म्हणणार नाही. भाचीला वर्षभर धड काम मिळाले नाही.

मला उतरवायचा हुकूमही आला. कारखान्याचे दोन गवंडी शिडी घेऊन आले. शिडी लावली, डोकी खाजवली, आणि मॅनेजरांना निरोप पाठवला की शिडी पोचत नाही. आदल्या दिवशी त्याच शिडीवरून त्यांनी चर्चचे छप्पर शाकारले होते. दुसऱ्यांदा दुसरे दोघे आले. त्यांचीही पोचली नाही.

तर मी इथेच आहे. भाचीने माझ्या कडेवर पेन्सिलीने ठळक लिहिले आहे: लांब वर्षी हिरव्यात एक रविवार थांबणे. माझी चूक आता कोणीही वाचू शकतो, आणि मला त्याची लाज वाटत नाही. मित्रांनो, तुमच्या घरातली जुनी वस्तू चुकली तर तिला दुरुस्त करा, तेल घाला, हवे तर चार शिव्या द्या. फेकू नका. आणि तिची चूक दाखवून कोणी त्या फटीत आपली खुर्ची सरकवू लागला, तर त्याला थांबवा. तो म्हणेल, चाक जुने आहे, लाकूड किडले आहे, रंग उडाले आहेत. ते सगळे खरे असेल. मग तो विचारेल, शेवटचा खण कोणाचा? तेव्हा खिडकीबाहेर पाहू नका. त्याच्या डोळ्यांत पाहून सांगा.